मापाचे रबर

बाबांचा शेवटचा रविवार आम्ही कामठी रोडवर घालवला. दोघांच्या दोन सायकली, बाबांच्या हँडलला कापडी पिशवी, आणि पिशवीत नमुन्यासाठी घेतलेला, दबून चपटा झालेला एक जुना रबर.

रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर बाबांनी लष्कराच्या लिलावातून एका जीपचा सांगाडा आणला होता. इंदोऱ्यातल्या आमच्या अंगणात त्यांनी त्यावर एकेक भाग चढवत नेला. इंजिन जुन्या मोटारीचं, पत्र्याची बॉडी स्वतः ठोकून केलेली. राहिले होते फक्त बॉडीचे रबर. बॉडी सरळ खालच्या सांगाड्यावर ठेवली तर लोखंडाला लोखंड घासतं, बोल्ट ढिले होतात, पत्रा चिरतो; म्हणून दोन्हींच्या मध्ये रबराचे जाड गुटके लागतात. तेवढ्यासाठी गाडी वर्षभर अडली होती, आणि दर रविवारी आम्ही दोघं ते शोधायला निघत होतो.

मलाही माहेरी येऊन वर्ष होत आलं होतं. शेजारणी माझ्या आईला, माईला, विचारत, "जावई कवा येते वं न्यायले?" माई म्हणे, येतीन. मी का आले हे घरात कोणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. माझे यजमान महादेवराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात बाबू होते. वसाहतीतल्या सभांमध्ये ते स्त्रीशिक्षणावर सुरेख बोलत. घरी पट्ट्याने मारत. मी एम.ए. झालेली, धरमपेठेतल्या शाळेत मोठ्या मुलींना शिकवणारी. मार खाणाऱ्या बायका वेगळ्या असतात अशी माझी समजूत होती. आपणही त्यांतल्याच आहोत हे तोंडाने म्हणायची मला लाज वाटे, आणि सर्वांत जास्त बाबांसमोर. गल्लीत कुणाचीही पोर शाळेत घालताना ते माझं उदाहरण देत.

कामठी रोडवरच्या भैय्याजींच्या दुकानात ट्रकांचे जुने भाग छतापर्यंत रचलेले असत. बाबांना बघताच त्यांनी हात जोडले.

"या दादाजी. तुमच्या गाडीचं बारसं कवा? आमचे नातू लग्नाले आले."

"होईन गा बारसं. तू रबर दाखव."

"आज असे देतो का तुमचं तोंडच बंद होईन."

त्यांनी पोत्यातून आठ गुटके काढून फरशीवर मांडले. बाबांनी एकात नख रुतवलं, तो आपटून पाहिला, जुन्या रबराशेजारी धरला आणि माझ्या हातात दिला. एवढ्या रविवारांनी मलाही थोडं कळू लागलं होतं. मीही नख रुतवलं; खूण उमटली आणि बुजली, म्हणजे रबर हवा तेवढा मऊ होता. जाडी तीच होती, भोकही तेवढंच.

"कडक हाय," बाबा म्हणाले.

"कडक? लोणी लावून देऊ का?" भैय्याजी माझ्याकडे वळले. "बाई, तुमी तं शिकल्या-सवरल्या. सांगा यायले काही."

मी गुटका परत फरशीवर ठेवला.

"पुढच्या रविवारी येतो," बाबा म्हणाले.

परतताना ते नेहमी एका टपरीवर थांबत. चहा संपला तरी उठत नसत. घरी माई असे, भिंतीपलीकडे शेजारी असत; इथे आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. बाबा काही विचारत नसत. जाणाऱ्या ट्रकांकडे बघत बसत आणि मला वेळ देत. इतके दिवस मी ते म्हाताऱ्या माणसाचं दमणं समजत होते. त्या दिवशी चांगले गुटके त्यांनी परत केलेले बघितले आणि मला कळलं. रबर मिळाले असते तर हे रविवार संपले असते.

"बाबा," मी म्हणाले.

"हं."

ते ट्रकांकडेच बघत होते. मुद्दाम.

"पेपर तपासाचे राहून गेले माहे. चालाले पाहिजे."

"चाल मग," ते म्हणाले आणि ग्लास खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या नळाशी हात धुता धुता ते खाली बसले. डॉक्टर यायच्या आत गेले.

पाचव्या दिवशी घरात बुद्धवंदना झाली. माणसं ओसरीपर्यंत बसली होती. महादेवराव पांढऱ्या कपड्यांत आले आणि थेट माईच्या पाया पडले. सगळ्यांना बरं वाटलं. मग बाबांचे थोरले भाऊ, देवाजीकाका, माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आता बाप नाही राह्यला. जावई सोताहून न्यायले आले. सामान भर अन् जाय."

"लोकं का म्हणतीन वं," माई हळूच म्हणाली.

"माझी काही तक्रार नाही," महादेवराव म्हणाले. आवाज सभेतलाच होता, जरा खाली आणलेला. "संसारात थोडंफार होतं. पुस्तकं वाचणाऱ्यांना जरा जास्त लागतं, एवढंच." दोघे-तिघे हसले. त्यांनी अंगणाकडे पाहिलं. "आणि हे भंगार उचलायला मी माणूस पाठवतो."

"भंगार नोका म्हणू गा," दारातून आवाज आला. भैय्याजी होते, हातात पोतं घेऊन. "रबरच तं राह्यले. घेऊन आलो मी. बरोब्बर मापाचे हाय, दादाजी उगाच 'नाही' म्हणले." त्यांनी मला विचारलं, अगदी सरळ मनाने, "काहून 'नाही' म्हणले असतीन, बाई?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. टपरीवर एका माणसाला सांगता आलं असतं ते आता घरभर माणसांपुढे सांगायचं होतं, आणि तो एक माणूस त्यांत नव्हता.

"मी बोलीन म्हणून थांबले होते बाबा," मी म्हणाले.

"काय बोलाचं होतं तुले?" काकांनी विचारलं.

महादेवरावांनी माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली, इतकी बारीक की ती फक्त मलाच कळावी. मी काकांकडेच बघत राहिले.

"हे मले मारत होते, काका. लग्न झालं त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून. पट्ट्यानं. म्हणून आली मी. मी नाही जात."