माघातला भोपळा

भोपळ्याचा वेल दसऱ्याला थकतो आणि दिवाळीनंतर वाळतो. वांगणीत सगळ्यांचा तसाच. कौसाबाईचा मात्र माघापर्यंत हिरवा राहायचा, आणि याचा तिला असा काही तोरा की विचारू नका. माघी गणपतीच्या भंडाऱ्याला भाजी तिच्याच भोपळ्याची. बाजारात भोपळे काय कमी मिळतात? पण चार पुरुषांनी तिचा भोपळा उचलून देवळासमोर ठेवायचा आणि बायकांनी तोंडात बोटं घालायची, ही दरवर्षीची रीत होती.

बाकीच्या बाया पावसाळा संपला की वेल देवाच्या हवाली करायच्या. कौसाबाई एकच फळ ठेवून बाकीची खुडायची. वेलाच्या पेरांवर माती ओढायची. तिथे नवी मुळं फुटायची आणि म्हातारा वेल पुन्हा खायला लागायचा. थंडी पडली की फळावर गोणपाट, खाली कोरडा पेंढा. आणि फळाला बोट दाखवायची कुणाला मुभा नव्हती. दाखवायचंच तर दुमडून. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण एवढं धूड कोवळं कसं, असं कुणी विचारलंच तर कौसाबाई म्हणायची, "वाढतंय तवर ते कोवळंच."

यंदा घोळ घातला तिच्या नवऱ्याने. बढाया मारण्यात हिंदुरावाचा हात कुणी धरला नसता. "या टायमाला चार माणसांना उचलणार नाय, सहा लागतील," असं देवळाच्या पारावर सांगून तो मोकळा झाला. नवऱ्याचं तोंड बंद करता येत नाही म्हटल्यावर कौसाबाईने भोपळाच वाढवायला घेतला. थंडीत पाणी बेताने द्यायचं हे ती साऱ्या गावाला शिकवायची, आणि तीच आता रोज कळशीमागून कळशी ओतू लागली, वर शेणाचं पाणी. भोपळा फुगत गेला. संक्रांतीनंतर एका सकाळी तिने पेंढा सारखा करायला खाली हात घातला, तर बोटं फळाच्या आत गेली. बुडाला भेग पडून ते सडलं होतं. तिने पेंढा पुन्हा कोंबला, हात धुतला आणि कुणाला काही बोलली नाही.

त्याच आठवड्यात रविवारी तिची सून तेजस्वी हिची मैत्रीण रिद्धी आली. तेजस्वीच्या लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. अंबरनाथ पूर्वेला एका दवाखान्यात कामाला जायची, दमून आली तरी भाकऱ्या थापायची. सासूच्या भोपळ्याचं कौतुक सासूपेक्षा तिलाच जास्त. "रिद्धी, तो बघ, आमच्या आईंचा!" म्हणत तिने सरळ बोट दाखवलं.

कौसाबाई ओसरीवर होती. "बोट दाखवलंस? काय केलंस गो हे!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारची सखू कुंपणाशी धावत आली. दुसऱ्या दिवशी कौसाबाईने चारचौघींसमोर पेंढा बाजूला केला आणि कपाळावर हात मारून घेतला. सोंग छान वठलं. "आई, चुकलं माझं," म्हणत तेजस्वी रडली, आणि कौसाबाईने तिला चक्क माफ केलं. निर्लज्जपणाला काही मर्यादा?

भंडाऱ्याला बदलापूरहून विकतचे भोपळे आले. कौसाबाईला कुणी बोल लावला नाही. सुटले, असं तिला वाटलं.

दोन दिवसांनी सखूकडे हळदीकुंकू होतं. सासू-सून दोघी गेल्या. सखूची लेक किर्ती बाळंतपणाला आली होती ती अजून माहेरीच होती. मान न धरणारं बाळ तिच्या मांडीवर. तेजस्वीने हौसेने त्याच्या गालाकडे हात नेला, तशी किर्तीने पटकन पदर ओढून बाळ झाकलं.

"राग नको मानू गो," सखू ओशाळं हसत म्हणाली. "कोवळा जीव हाय. आमी आपले भितो."

तेजस्वीने हात मागे घेतला आणि पदराखाली लपवला. सखू वाण द्यायला आली तेव्हासुद्धा तिने पदरच पसरला, हात बाहेर काढला नाही.

स्वतःच्या चुकीची घाण आपण या पोरीच्या हाताला पुसली, हे कौसाबाईला सगळ्यांत बसल्या बसल्या लख्ख कळलं. लाजेने तिचे कान तापले. ती उभी राहिली.

"ऐका गो सगळ्या. हिच्या बोटाने काय नाय झालं. भोपळा मी सडवला. पाणी जास्त ओतलं. हिची मैत्रीण यायच्या आधीच तो कुजलेला, मला ठाऊक होतं. मी खोटं बोलली."

सखूने डोळ्यांना पदर लावला. "बघा गो! अशी सासू मिळायला नशीब लागतं. सुनेसाठी सगळं आपल्या अंगावर घेते."

"आणि कौसाबाईच्या हातून पाणी जास्त व्हईल?" कोपऱ्यातून म्हातारी विठा म्हणाली. "साऱ्या गावाला तिने शिकवलंय." सगळ्या हसल्या.

"नाय गो, खरंच सांगते!" कौसाबाई पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि जितकी म्हणाली तितकी थोर ठरत गेली. सखूने तिच्या हातावर आणखी एक तिळाचा लाडू ठेवला. किर्तीने मात्र बाळावरचा पदर काढला नाही.

घरी येताना तेजस्वी खाली बघत चालली होती. निदान हिला तरी खरं कळलं असेल, असं कौसाबाईला वाटलं. आता ही भांडेल, दोन शब्द सुनावेल, माहेरी जाते म्हणेल. तसं झालं तर बरंच होईल, म्हणून ती वाट बघत चालत होती.

फाटकाशी तेजस्वी थांबली. तिचे डोळे भरून आले होते. ती वाकली आणि तिने सासूच्या पायांकडे हात नेला.

"आई, माझ्यासाठी एवढं खोटं कशाला बोललात? चूक तर माझीच होती ना."

कौसाबाईने पाय मागे घेतले, पण तोवर तेजस्वीचा हात लागून गेला होता.