नऊ नंबरचं कपाट

"डोकं आत राहतंय, पाय बाहेर येतायत," चादरींच्या कपाटातून ब्रेंटचा आवाज आला.

"पाय येऊ देत," केंड्रा म्हणाली. "ऑफिसातली बाई काय म्हणाली? मूल झोपतं कुठे ते बघतात. माणूस डोक्यानं झोपतो."

"म्हणजे पोरगी कपाटात?"

"कपाट कशाला म्हणतोस? दार काढलं की कोनाडा होतो. पडदा लावू."

"मला दार पाहिजे," पाच वर्षांची ओपल म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत बिस्किटं होती. "आतून कडी लागते का?"

एजंटबाई लोरेटा छताकडे बघत उभी होती. घर विकणारी माणसं छताकडे बघतात ती गळती लपवायला, पण लोरेटा बघत होती ती कायद्याला घाबरून. शाळा चांगली की वाईट, हे गिऱ्हाइकाला सांगायला तिच्या धंद्यात मनाई आहे. सांगितलं तर लायसन्स जातं. त्यामुळे गेले सहा महिने त्यांना घरं दाखवताना ती शाळा सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलत होती आणि केंड्रा तिच्या भुवया वाचायला शिकली होती.

"कपाट देवदाराचं आहे," लोरेटा म्हणाली. "कसर लागत नाही. मी फक्त कपाटाबद्दल बोलतेय."

रविवारची दुपार होती. घर एक ते चार सगळ्यांना बघायला उघडं, आणि सहाच्या आत आपापला आकडा कळवायचा. बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून लोक परक्याच्या घरात फिरत होते, परक्याचे नळ सोडत होते, परक्याच्या मोरीचा वास घेत होते. पण कपाटात शिरून टेप लावणारे स्टॅम्पर नवरा-बायको तेवढे दोघंच.

त्याला कारण होतं. डन्मोर गल्लीच्या या बाजूची पोरं हॅडली शाळेत जातात. त्या शाळेला वेबसाइटवर दहापैकी चार नंबर. समोरच्या बाजूची पोरं मिलस्प्रिंग शाळेत जातात, तिला नऊ. दोन्हीकडची घरं एकाच बिल्डरनं, एकाच वर्षी, एकाच नकाशावर बांधलेली, छपराचा रंगसुद्धा तोच. या बाजूचं घर तीन लाख पाच हजार डॉलरला आणि त्या बाजूचं तीन लाख पंच्याण्णवला. केंड्रा एका दंतवैद्याकडे काउंटरवर बसायची. तिथे एका पेशंटची दाढ निघेपर्यंत तिनं भागाकार करून टाकला होता. नव्वद हजार भागिले पाच. एक नंबर अठरा हजारांना पडतो.

नऊ परवडत नव्हते. आठवाली दोन घरं हातची गेली, सातवाली तीन. सहावालं एक मिळालंच होतं, पण कुणीतरी रोख पैसे घेऊन आला. भाड्याच्या घराची मुदत जूनअखेर संपत होती, तिथे मालकाचा मुलगा राहायला येणार होता. ऑगस्टमध्ये ओपलची शाळा. आणि गुरुवारी रात्री नकाशा मोठा करून बघताना केंड्राला दिसलं की दोन शाळांमधली लाल रेघ सगळ्या गल्लीत रस्त्याच्या मधून जाते, पण चारशे अठरा नंबरच्या घराशी आली की वाकडी होते आणि थेट घरातून जाते. कधीकाळी इथे ओढा होता म्हणे. ओढा बुजला, रेघ राहिली. शुक्रवारी तिनं शाळांच्या ऑफिसात फोन केला. तिथली बाई म्हणाली, घरातून रेघ जात असेल तर मुलाचा पलंग जिथे, तिथली शाळा.

एवढ्यावर थांबला असता तर तो ब्रेंट कसला. तो सुपरमार्केटांचे मोठाले फ्रीज दुरुस्त करायचा, आणि अंदाजानं काम करणं त्याच्या रक्तात नव्हतं. ओढ्याच्या जुन्या हद्दीच्या लोखंडी खुंट्या जमिनीत असतात हे त्याला माहीत होतं. एक त्यानं मागच्या कुंपणाशी शोधली. दुसरी पुढच्या बागेत, ट्यूलिपच्या वाफ्यात. दोन्हींना पिवळी दोरी बांधून त्यानं ती घरातून ओढून घेतली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत, ओट्यावरून बोळात, बोळातून कपाट, कपाटाला लागून न्हाणीघर, तिथल्या खिडकीतून बाहेर. नऊ नंबरात आलं ते एवढंच: मोरी, कमोड, निम्मं कपाट आणि फ्रीज ठेवायची जागा. उजेडाची, मागच्या झाडाकडे उघडणारी छान खोली मात्र चक्क चार नंबरात.

"माझ्या बायकोच्या ट्यूलिपात कोण खणत होतं?"

दारात एक म्हातारा उभा होता. लोरेटाच्या तोंडचं पाणी पळालं. घर दाखवायच्या वेळी मालकानं घरात थांबायचं नसतं अशी रीत आहे. हर्शमन नावाच्या या मालकानं ती पाळली होती, पण आपल्या पद्धतीनं. तो एक वाजल्यापासून समोर गाडीत थर्मास घेऊन बसला होता.

"मिस्टर हर्शमन, तुम्ही बाहेर..." लोरेटा म्हणाली.

"बाहेरच होतो. बाहेरूनच दिसलं." म्हाताऱ्यानं दोरीला बोट लावून पाहिलं. "हे काय, कपडे वाळत घालताय?"

केंड्रानं नवऱ्याकडे बघून डोळे वटारले. पण ब्रेंटला वीस वर्षांची सवय. बिघाड कुठे आहे ते मालकाला सरळ सांगायचं. त्यानं सरळ सांगितलं. रेघ, चार, नऊ, पलंग, सगळं. मोठ्या, स्वच्छ, फ्रीजच्या आवाजावर चढवायची सवय झालेल्या आवाजात.

म्हातारा ऐकत राहिला. "म्हणजे चाळीस वर्षं मी अंघोळ नऊ नंबरात करत होतो आणि झोपत होतो चारात?"

"तसंच म्हणायचं."

"माझी तिन्ही पोरं हॅडलीत गेली. एक दंतवैद्य आहे. एक तुरुंगात आहे. तिसरा विमा विकतो, म्हणजे मधेच कुठेतरी." तो कपाटात डोकावला. "आणि तुम्ही हिला इथे झोपवणार?"

"मला आवडलंय," ओपल म्हणाली.

बोळात तोवर आणखी माणसं थांबली होती. त्यातला एक, जुळ्या मुलांचा बाप, हातातलं बिस्कीट न चावता उभा होता.

"एक्सक्यूज मी," तो म्हणाला. "ही दोरी जरा परत सांगता का?"

पुढच्या वीस मिनिटांत त्या कपाटापुढे जी रांग लागली तशी शहरातल्या सगळ्यात चांगल्या आइस्क्रीमच्या दुकानापुढेही लागत नाही. लोक फोनवर नकाशे मोठे करत होते. जुळ्यांचा बाप दोन मजली पलंगाची उंची मोजत होता. एका कुटुंबानं मापाला म्हणून आजीबाईंना आत आडवं केलं. त्या आडव्या झाल्या, पण उठेनात, त्यांची कंबर धरली होती. शेवटी ब्रेंटनंच खालची फळी काढून त्यांना बाहेर घेतलं.

"आरामशीर आहे हो," आजीबाई पिशव्या घातलेले पाय झटकत म्हणाल्या. "फक्त डांबरगोळ्यांचा वास येतो."

केंड्रा भिंतीला टेकून उभी होती. गुरुवारपासून या जगात फक्त तिच्या घरात माहीत असलेली एक गोष्ट होती. आता ती बोळातल्या सोळा माणसांना माहीत होती, आणि सोळाही जण घाईनं बाहेर जाऊन फोन करत होते.

दोघं गाडीत येऊन बसले. घड्याळात पावणेपाच झाले होते. मागे ओपल सीटला लाथा मारत होती.

"त्यानं विचारलं गं," ब्रेंट म्हणाला. "खोटं कसं बोलू? घर त्याचं आहे."

"खोटं नको बोलूस. गप्प बसता येतं माणसाला."

"बरं. चुकलं माझं. आता आकडा सांग."

लोरेटानं फोनवर कागद पाठवला होता. त्यात अशी सोय असते की दुसरा कुणी जितके देईल त्याच्यावर आमचे हजार जास्त, अमुक आकड्यापर्यंत. तो अमुक आकडा भरायचा होता. शिवाय मालकाला खूश करायला घर तपासून घ्यायचा हक्क सोडायचा का, तिथे हो किंवा नाही.

"तीन वीस," ब्रेंट म्हणाला.

"तीन बेचाळीस."

"बेचाळीस कुठून आणायचे? मी रविवारचंही काम घेतलं तरी..."

"घे मग."

"आणि तपासणी? छप्पर बघितलंस? तळघरात पाणी असलं तर?"

"हो कर. सोडला हक्क. भर."

"केंड्रा, माझ्या शाळेला आज नऊ आहेत. मी तिथेच शिकलो. बघ माझ्याकडे. डेअरीच्या शीतगृहात उताणा पडून पंखे बदलतो."

"बघतेय." ती वळली. तिचा आवाज मोठा नव्हता. "तू जिथे जातोस तिथे तुझं काम कुणी तपासतं का? मी पेशंटला पत्र लिहिते. दातांचं पत्र. तुमची वेळ मंगळवारी आहे, एवढंच. ते डॉक्टर आधी वाचतात. लाल पेन घेऊन. अकरा वर्षं झाली, ब्रेंट. परवा नवी मुलगी लागलीय, बावीस वर्षांची. नऊवाल्या शाळेत शिकलेली. तिची पत्रं कुणी वाचत नाही."

ब्रेंटला हे माहीत नव्हतं. बारा वर्षांच्या संसारात तिनं कधी सांगितलं नव्हतं. त्यानं फोन हातात घेतला आणि तीन लाख बेचाळीस हजार लिहिले. तपासणीपुढे हो म्हटलं. मग दोघं समोरच्या काचेतून बघत बसले. चार कधीच वाजून गेले होते, तरी हर्शमनच्या दारातून माणसं अजून बाहेर येत होती, प्रत्येक जण बुटांवरच्या पिशव्या काढता काढता फोनवर बोलत.

सहाला दहा मिनिटं असताना ओपल म्हणाली, "मला शू लागली."

"थांब जरा."

"बिस्किटं खाल्ल्यापासून लागलीय."

सहा वाजून चार मिनिटांनी लोरेटाचा फोन आला. केंड्रानं स्पीकर चालू केला.

"चार लाख एक हजार," लोरेटा म्हणाली. "रोख. जुळ्यांचे बाबा."

ब्रेंट म्हणाला, "समोरचं घर तीन पंच्याण्णवला आहे. अख्खं घर. सगळ्या खोल्या नऊ नंबरात."

"ते कालच गेलं. आणि यांना कपाट आवडलं," लोरेटा म्हणाली. "मी कशाबद्दलच काही बोलत नाहीये." जरा थांबून ती म्हणाली, "तुम्ही मोजून दाखवलंत हो, नाहीतर तीन दहाला तुमचंच होतं. सॉरी. याच गल्लीत, याच बाजूचं दोनशे बावीस नंबर या आठवड्यात निघतंय. तीन लाखांच्या आत. फक्त तिथून कुठलीही रेघ जात नाही. सकाळपर्यंत कळवा."

केंड्रानं फोन बंद केला. रडेल असं ब्रेंटला वाटलं. ती रडली नाही. तिनं पट्टा लावला.

"मम्मी, आता येतेय," ओपल म्हणाली.

जवळ पेट्रोलपंप नव्हता. दोन वळणांवर एक मैदान दिसलं, झोपाळे, घसरगुंडी आणि कडेला संडास. गाडी थांबल्याबरोबर ब्रेंट पोरीला उचलून पळाला. परत आला तेव्हा ओपलनं झोपाळा गाठला होता आणि गाडी रिकामी होती.

मैदानापलीकडे एकमजली विटांची इमारत होती. भिंतीवर मोठ्या अक्षरात नाव: हॅडली. सहा महिन्यांत त्यांनी दोन्ही शाळांचे आकडे तोंडपाठ केले होते, तक्ते काढले होते, भागाकार केले होते. दोन्हींपैकी एकाही शाळेपाशी आजवर गाडी थांबवली नव्हती.

केंड्रा एका वर्गाच्या खिडकीशी उभी होती. दोन्ही तळहात डोळ्यांच्या कडेला लावून, कपाळ काचेला टेकवून. आत छोट्या खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या होत्या. खिडकीच्या कठड्यावर कागदी कपांतून घेवड्याची रोपं निघाली होती, सगळी उजेडाकडे वाकलेली. प्रत्येक कपावर कुणाचं तरी नाव, काहींचं अर्धंच मावलेलं.

"मम्मी काय करतेय?" ओपलनं विचारलं.

"बघतेय," ब्रेंट म्हणाला आणि त्यानं झोपाळ्याला हळूच धक्का दिला. हाक मारावीशी त्याला वाटली नाही.

केंड्रा पुष्कळ वेळ तशीच उभी होती. मग तिनं काचेवर आलेला आपल्या श्वासाचा धुरकट डाग स्वेटरच्या बाहीनं नीट पुसला आणि ती शेजारच्या वर्गाच्या खिडकीकडे गेली.