गाडी डावीकडे ओढते

"ही आमच्यात बसत नाही," मोटार गॅरेजवाला म्हणाला. हातातला पानासुद्धा त्याने खाली ठेवला नाही. "हँडल आहे हिला. हँडलवाल्या गाड्या समोर बघतात."

"समोरूनच आलोय," आमचे हे म्हणाले. "ते म्हणतात, मागं दोन चाकं आहेत, म्हणजे ही मोटारीच्या जातीची."

"मग दोघांच्या मधे, रस्त्यात उभी करा. शोभेल तिथं."

आत कोणीतरी हसले. ह्यांनी गाडी वळवली आणि मी मागच्या पेटीतल्या गाठोड्यांवर बसून राहिले.

आमची गाडी म्हणजे पुढून मोटारसायकल आणि मागून दोन चाकांवर बसवलेली पत्र्याची पेटी. रिक्षावाल्यांच्या मिस्त्रीनेही हात टेकले होते. रिक्षाचे इंजिन मागे, हिचे पुढे, म्हणून ती त्याच्या ओळखीची नव्हती. धड माहेरची ना सासरची, अशी तिची गत होती.

आमची लाँड्री होती. मी धुवायचे, वाळवायचे, इस्त्री करायचे आणि हे पोचवायचे. लॉजच्या चादरी, दवाखान्याचे पडदे, सलूनचे टॉवेल. गाठोडी वाढली तेव्हा ह्यांनी आपली दुचाकी विकून ही तीनचाकी घेतली. पंधरा-वीस वर्षे तिने कधी तक्रार केली नाही. आणि मग एकाएकी ती डावीकडे ओढायला लागली.

प्रथम हे काही बोलले नाहीत. मग एकदा दवाखान्याच्या फाटकाला पेटी घासली, आणि एकदा लॉजच्या दारात चिखलाच्या खड्ड्यात चाक जाऊन पांढऱ्या चादरींचे गाठोडे आडवे झाले. सगळे पुन्हा धुतले. लॉजच्या मॅनेजरने गोड शब्दांत सांगितले, "काका, पुन्हा असं झालं तर मला दुसरीकडं बघावं लागेल हं."

कामाची भीती होतीच. पण मला खरी भीती ह्यांची वाटत होती. हा माणूस सकाळी गाडीवर बसला की त्याची मान ताठ व्हायची, ओळखीच्या प्रत्येक दुकानासमोर हॉर्न वाजायचा. गाडीवरून उतरवलात तर तो इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहून काय करणार? माझ्या घड्या चुकतात असे सांगणार.

म्हणून गॅरेजं पालथी घातली. एकाने सांगितले, हवा कमी आहे. दुसऱ्याने सांगितले, हवा जास्त आहे. तिसऱ्याने पुढचा शॉकअप बदलला. चौथा म्हणाला, "रस्त्यालाच काठाकडं उतार असतो, त्याला मी काय करू?" एक मोटारसायकलवाला मिस्त्री मोठ्या ऐटीत चालवून बघायला बसला, वळणावर सवयीने अंग झोकून दिले, आणि गाडी सरळ जाऊन त्याच्याच जुन्या टायरांच्या ढिगात घुसली. तीन चाकांची गाडी अंग टाकून वळत नाही, तिचे हँडलच फिरवावे लागते. उठून कपडे झटकत तो म्हणाला, "डावीकडं कुठं? ही तर वळतच नाही."

कंपनीच्या काचेच्या दुकानात थंडगार हवेत एका मुलीने आम्हाला पाणी दिले आणि सांगितले की हे मॉडेल बंद झाले आहे, मागचा सगळा सांगाडा बदलावा लागेल. आकडा ऐकून ह्यांनी पेला जपून खाली ठेवला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मी तर पुरती गोंधळले होते. डाग मला बघताक्षणी कळतो, चहाचा कोणता, गंजाचा कोणता, आणि कोणता कधीच जाणार नाही. पण ह्या दुखण्याला प्रत्येक जण वेगळे नाव देत होता, आणि प्रत्येकाचे ऐकताना मला तेच खरे वाटायचे.

शेवटी टॉवेल मोजून घेताना सलूनवाला म्हणाला, "वहिनी, लाकडाच्या वखारीमागं एक जण आहे. फक्त तीनचाकी बघतो, दुसऱ्या गाडीला हात लावत नाही. तिपाई म्हणतात त्याला. आणि पैसे बेतानं घेतो."

तिपाई अंगाने मोठा आणि आवाजाने अगदी हळू होता. वखारीमागच्या मोकळ्या जागेत त्याच्याकडे मालवाहू, पाववाल्यांच्या, पाणीवाल्यांच्या, कसल्या कसल्या तीनचाकी उभ्या होत्या. आमच्या गाडीला इतके नातेवाईक आहेत हे मला पहिल्यांदा कळले.

"फक्त तीनच चाकं का हो?" मी विचारले.

"काकू, तीन पाय कधी डुगडुगत नाहीत, जमीन कशी का असेना. डुगडुगायला चौथा लागतो."

त्याने खिशातून सुताची गुंडी काढली. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी सूत ताणले, एक डोळा मिटून बघितले, वाकून बघितले, पुन्हा ताणले. मग स्वतः गाडीवर बसला आणि निघाला. थोडे गेल्यावर त्याने दोन्ही हात हँडलवरून उचलले. गाडी फळ्यांच्या थप्पीपर्यंत सरळ गेली.

"आता तुम्ही, काका."

हे निघाले, आणि गाडी हळूहळू डावीकडे सरकत पाण्याच्या पिंपाशी जाऊन थांबली.

"बघितलंत?" हे खूश होऊन ओरडले. इतक्या दिवसांत प्रथमच रोग्याने वैद्यासमोर खोकून दाखवले होते.

"बघितलं. आता पुन्हा या, पण निम्म्या वाटेत हात सोडा."

ह्यांनी हात सोडले. गाडी सरळ झाली.

"धरा."

धरले. गाडी डावीकडे.

तिपाईने सूत बोटाभोवती गुंडाळायला घेतले. "गाडीत काही नाही, काका," तो म्हणाला.

मी ह्यांच्या हाताकडे बघितले. हँडलवर डावा हात लोंबत होता, ओल्या टॉवेलासारखा. आणि मग एकेक आठवत गेले. हल्ली कप उजव्या हातात. शर्टाची बटणे लावायला वेळ. मी म्हणायचे, म्हातारे झालात, आणि हे म्हणायचे, तू मेली काजे लहान शिवतेस.

"म्हणजे सर्व्हिसिंग माझंच करायला हवं होतं की!" हे हसले. तिपाई आणि मी हसलो नाही.

"दवाखान्यात जाऊन या आधी," तिपाई म्हणाला. "डॉक्टर बंद म्हणाला तर बंद. हळूहळू चालवा म्हणाला, तर माझ्याकडं या. मागच्या चाकांच्या दांड्याचं उजवं टोक केसभर पुढं सरकवून देतो. तुम्ही जेवढे डावीकडं ओढाल, तेवढी ती उजवीकडं ओढेल."

"अहो, चांगली गाडी बिघडवायची?" मी म्हणाले.

"बिघडवायची कशाला, काकू? मापाची करायची. बाही आखूड करून घेत नाही का आपण?"

डॉक्टर म्हणाले, झोपेत पक्षाघाताचा बारीकसा झटका येऊन गेला असावा. गोळ्या दिल्या. मोठ्या रस्त्याला जायचे नाही, वेग वाढवायचा नाही, आणि हात आणखी सुटला तर गाडी बंद. ह्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली, आणि दवाखान्यातून आम्ही थेट वखारीमागे गेलो.

त्या दिवशी घरी येताना गाडी कुठेही सरकली नाही. हे शीळ घालत होते. मी मागे बसून विचार करत होते की वाकडा माणूस आणि वाकडी गाडी मिळून रस्ता सरळ कसा काय होतो. मग वाटले, त्यात नवल कसले? असे संसार आपण पुष्कळ बघितलेत.

लॉजचे काम टिकले. पुढच्या पावसाळ्यात ह्यांनी गाडी आडवी लावली म्हणून तिथल्या कारकुनाने ती हलवायला घेतली, आणि उजवीकडच्या भिंतीला जाऊन टेकला.

"काका, उजवीकडं ओढते हो ही! दाखवा कुणाला तरी."

"दाखवलीय," हे ऐटीत म्हणाले. "स्पेशालिस्टला."

दर काही महिन्यांनी गाडी पुन्हा डावीकडे सरकायला लागायची आणि आम्ही वखारीमागे जायचो. तिपाई सूत काढायचा, ह्यांना एक फेरी मारायला लावायचा, आणि टोक आणखी केसभर पुढे. काय बिघडले हे कोणी कोणाला विचारत नसे. "जरा सेटिंग करून द्या," एवढेच हे म्हणायचे. तो पैसेही सेटिंगचेच घ्यायचा. मला मात्र कळेनासे झाले होते की आम्ही बरे करतोय की वाईट. गाडी ठीक झाली म्हणून आनंद करावा, तर तेवढा हात गेलेला असायचा.

मग एके दिवशी तिपाई गाडीखालून बाहेर आला आणि कितीतरी वेळ हात पुसत राहिला.

"खाच संपली, काका. याच्यापुढं सरकवायला जागाच नाही."

हे फळ्यांच्या थप्पीवर बसले. वखारीतली करवत थांबली.

"सरळ करून टाका मग," ते म्हणाले.

"विकताय?"

"छे. ही चालवेल."

ही म्हणजे मी. मी मागे वळून बघितले, दुसरे कोणी आहे का ते.

"अहो, काहीतरीच काय! मला साधी सायकलसुद्धा येत नाही."

"कधीच नाही चालवली?" तिपाईने विचारले. "मग तर उत्तम. दोनचाकीवाल्यांची अंग टाकायची खोड मोडता मोडत नाही. तुम्हाला मोडायला काहीच नाही."

त्या मोकळ्या जागेत मी कितीतरी दुपारी गोल गोल फिरले. पिंपाला धडकले, थप्पीला धडकले, पाववाल्याच्या तीनचाकीची माफी मागितली. हे थप्पीवरून ओरडायचे, "अगं क्लच! एकदम नको सोडू! रेशमावरनं इस्त्री उचलतेस ना, तसा उचल!" हे एक वाक्य मला कळले. बाकी गिअरबिअर कधीच नीट कळले नाही, हाताला कळले असावे. वीस वर्षे ह्यांच्या मागे बसून मला रस्ता पाठ आहे असे वाटत होते. पुढे बसल्यावर तो भलताच निघाला.

परवाना आला त्या सकाळी पेटी गाठोड्यांनी भरली. हे मागे चढून बसले, माझ्या जागेवर, आणि आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. समोरून ट्रक, मोटारी, दुचाक्या एकीला एक लागून चाललेल्या. कुठे शिरायचे मला समजेना. क्लच सुटला, गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागून कोणीतरी हॉर्न दाबून धरला.

पेटी हलली. हे खाली उतरले होते. आता ओरडतील असे मला वाटले. पण माझ्याकडे न बघता ते पुढे गेले, भर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला. एक ट्रक करकचून थांबला. त्याच्यामागे सगळे थांबले.

"ये," ते म्हणाले. "सावकाश ये."