बाबांच्या दोरीवर चादरी

दरवर्षी कौलं आणि पन्हळ साफ करायला बाबांना छपरावर चढावं लागतं ते माझ्या वजनामुळे. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे कोणीतरी विचारणारच, तरणाताठा मुलगा खाली आणि म्हातारा वर, हे कसं काय.

मागच्या खेपेला मीच चढलो होतो. पहिल्याच पावलाला दोन कौलं गेली. "उतर, घर पाडशील," असं म्हणून बाबांनी मला कायमचं रिटायर केलं.

बाबा टेलर. जन्मभर मशीनवर वाकून शरीर नुसती काठी झालंय. कौलांवरून मांजरासारखे चालतात. कौलाच्या मधोमध पाय द्यायचा नाही, खाली जिथे लाकडी रीप आहे तिथेच द्यायचा, हे त्यांच्या तळव्यांना पाठ आहे.

पण यंदा त्यांना अधूनमधून चक्कर यायला लागली होती. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. "आता ठणठणीत आहे मी," असं बाबा सगळ्यांना सांगत फिरायचे. भिंतीला हात लावत.

आईने अट घातली. "दोरी बांधल्याशिवाय वर जायचं नाही."

"मी काय बैल आहे?"

"बैल ऐकतो तरी."

तर दोरी आली. नवी, जाड, पांढरी. गाठी मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो, खुर्चीच्या पायावर प्रॅक्टिस करून. एका वायरमन मित्राकडून त्याचा खांबावर चढायचा पट्टा मागून आणला. पट्टा बाबांच्या अंगात, पट्ट्याच्या मागच्या बाजूला कडी, कडीत दोरीचं टोक. दोरी छपराच्या पुढच्या उतारावरून वर आढ्यावर, आढ्यावरून मागच्या उताराने खाली, आणि मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीखालच्या सिमेंटच्या खांबाला. खांब असा की हत्ती बांधा. माप असं घेतलं की बाबा पुढच्या कडेच्या पन्हळीपर्यंत येतील, पण तिच्यापलीकडे जाऊ शकणार नाहीत.

शिडी मागून पुढे आणताना आईची कपडे वाळत घालायची दोरी आडवी आली. जुनी, कुजलेली. मी कापून टाकली. आई आत चादरी धूत होती. तिला सांगायचं राहिलं. नवी दोरीही तिने अजून बघितली नव्हती.

बाबा वर गेले. जायच्या आधी कानातलं मशीन काढून माझ्या खिशात टाकलं. "पडलं बिडलं तर शोधत बसावं लागेल," म्हणाले. मशीन नसलं की बाबांना कानाशी ओरडलं तरी निम्मंच कळतं. म्हणजे आता ते आणि छप्पर, दोघंच.

मी खाली शिडी धरून. शिडीच्या पायाखाली गोणपाट. कौलं कोरडी. सगळं नियमाने.

पहिल्यांदा बाबा दोरीवर चिडले. मग त्यांना तिची गोडी लागली. दोरीवर भार टाकून मागे रेलायचं आणि दोन्ही हातांनी ब्रश चालवायचा. शेवाळाचे हिरवे गठ्ठे खाली माझ्या डोक्यावर. वरचं झाल्यावर ते आढ्यावर जाऊन बसले, पाठ मोकळी केली, घाम पुसला. दोरी सैल पडली होती.

परत खाली पन्हळीपाशी आले तेव्हा म्हणाले, "दोरी अडकली का रे कुठे? मागे ओढतेय."

मला वाटलं एखाद्या कौलाच्या कडेला घासत असेल. मी हाताने 'चालू द्या' अशी खूण केली. बाबा रेलले आणि पन्हळीतला पालापाचोळा उपसायला लागले.

तेवढ्यात आई पुढच्या अंगणात आली. हातात रिकामी बादली. एकदम खुशीत.

"किती महिने मागे लागले होते. आणलीस एकदाची."

"काय आणलं?"

"कपड्यांची दोरी. चांगली दणकट आहे. फक्त बांधायची अक्कल नाही तुला. तिरकी कोण बांधतं? सगळ्या चादरी घसरून खांबाशी गोळा. मग मी ती सोडून नीट सरळ बांधली."

माझ्या डोक्यात हे शिरायला जरा वेळ लागला.

"कुठे बांधलीस?"

"बाथरूमच्या भिंतीच्या हुकाला. जुनी होती तिथेच."

तो हुक माझ्या जन्माच्या आधीचा. त्याला नुसतं बोट लावलं तरी गंज हाताला येतो.

मी वर बोट दाखवलं. आईने बाबांच्या पाठीची कडी बघितली. कडीतून निघालेली पांढरी दोरी बघितली. ती आढ्यापर्यंत डोळ्यांनी गेली आणि थांबली.

"ती ही?" तिने विचारलं.

"हीच."

बाबा वर मस्त मागे रेललेले. सगळा भार दोरीवर. गुणगुणत होते. ओरडून काही उपयोग नव्हता, आणि दोरीला हिसका बसला तर ते दचकणार. शिडी चढून मी त्यांच्यापाशी गेलो असतो, पण मग मागे हुकापाशी कोण?

"आई, शिडी धर. त्यांना घाबरवू नको. कसंही करून खाली घे."

आणि मी पळालो. घराला वळसा घालून मागे.

चादरी एकदम सरळ रेषेत वाळत होत्या, हे मान्य करायला हवं. टोकाला हुक. तो निम्मा भिंतीबाहेर आलेला, खाली प्लास्टरची भुकटी. बाबा पलीकडे पन्हळीतून मूठमूठ पाला उपसत असणार, कारण हुक जरा बाहेर यायचा, थांबायचा, परत जरा बाहेर.

मी हुकाच्या अलीकडे दोरी पकडली. कमरेभोवती एक वेढा, पाठीमागून घेऊन मनगटाला दुसरा, आणि टाकीच्या खांबाला दोन्ही पाय लावून जमिनीवर बसलो. ज्या वजनाने कौलं फोडली ते सगळं वजन खाली लावलं.

हुक निघाला. टुणकन उडून बादल्यांमध्ये पडला. चादरी चिखलात. दोरी माझ्या कमरेत रुतली आणि मी बुडासकट थोडा पुढे सरकलो. मग थांबलो. पलीकडे बाबा अजून रेललेलेच होते. आता माझ्यावर.

मला तिकडचं काही दिसत नव्हतं. मध्ये अख्खं घर. कळत होतं ते फक्त दोरीतून. जरा ताण. जरा सैल. पुन्हा ताण. बाबा एका बाजूला सरकतायत. शिडीकडे की शिडीपासून लांब, काय माहीत.

मग दोरी एकदम सैल झाली.

मी ती भराभर ओढली, तशी आढ्यावरून कडी खडखडत माझ्या बाजूला आली आणि कौलांवरून घरंगळत खाली अंगणात पडली. रिकामी.

ठरलं असं होतं की बाबांचे दोन्ही पाय शिडीवर पक्के झाले की मी कडी सोडवायची. आईला तर कडी कशी उघडते तेही माहीत नव्हतं. बाबांना मागे हात पोचत नाही. मग कडी सुटली कशी? मी तसाच बसून राहिलो, कमरेला दोरी गुंडाळून. उठून बघायचं धाडस होईना.

पलीकडून बाबांचा आवाज आला. बहिरे मोठ्याने बोलतात, देव त्यांचं भलं करो.

"अगं पण ताटं कुठायत?"

मी मागे आडवा झालो. ओल्या चादरीवर. आकाश बघत हसत सुटलो, आणि मग थोडं रडलोही, कोणी बघत नव्हतं म्हणून.

पुढे गेलो तर बाबा शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसलेले, मशीनसाठी हात पुढे करून. मी कानात घालून दिलं. आई भिंतीला टेकून उभी, दोन्ही तळवे शिडीवर पडलेल्या शेवाळाने हिरवे. झालं होतं असं की ती अंगणात मध्यभागी बाबांना दिसेल अशी जाऊन उभी राहिली आणि शांतपणे जेवायची खूण केली. घास तोंडाशी नेतात तशी. बाबा आयुष्यात एवढ्या एकाच हाकेला लगेच येतात. ते शिडीवर आले, तशी ती चार पायऱ्या चढली आणि कडी चाचपत बसली, उघडेपर्यंत. ती कधी स्टुलावरही चढत नाही.

"इतक्या लवकर जेवायचं का बोलावलंस?" बाबांना अजून काही कळलं नव्हतं.

आईने सांगितलं. सगळं, स्वतःच्या तोंडाने, काही न लपवता. बाबा ऐकत राहिले. मग माझ्या कमरेवरचा लाल वळ बघितला. मग छपराकडे.

"म्हणजे मी चादरींच्या भरवशावर होतो," ते म्हणाले.

"हसू नका तुम्ही," आई म्हणाली. आणि खाली बसली, जमिनीवरच. बाबा तिच्या शेजारी बसले. बाबांनी तिच्या तळव्यावरचं शेवाळ आपल्या शर्टाने पुसलं.

दुपारी त्यांनी स्वतः कौलवाल्याला फोन लावला. स्पीकरवर, कारण तसं ऐकू येतं. मी आणि आई स्वयंपाकघरात.

"उरलेली पन्हळ साफ करायची आहे," बाबा म्हणाले. "दरवर्षीच यावं लागेल."

"आतापर्यंत कोण करायचं?" पलीकडून आवाज.

आईने नळ बंद केला.

"करायचा एक जण," बाबा म्हणाले. "त्याने काम सोडलं."

आईने नळ पुन्हा सुरू केला आणि भांडी घासायला घेतली, नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात.