टोपलीतले दगड

हर्कबीर राईला घरी बसून अकरा दिवस झाले होते. तीस वर्षं त्यानं विमानाच्या धावपट्टीपासून वरच्या बाजारापर्यंत तांदूळ, पत्रे, सिमेंट वाहिलं, सगळा भार कपाळावरच्या नाम्लोच्या पट्ट्यावर. गुडघा सुजला तेव्हा इंद्रकलानं, त्याच्या बायकोनं, ते काम बंद करायला लावलं.

पण बसणं त्याला जमेना. अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून अंगणात, दिवसभर येरझाऱ्या. चालतानाही मान पुढे, कंबर वाकलेली.

बाराव्या दिवशी मीठ आणायला तो रिकाम्या हातानं निघाला. झुलत्या पुलाच्या मध्यावर पावलं भलतीकडेच पडू लागली. पाठीवर काहीच नाही, त्यामुळे सवयीनं वाकलेलं अंग पुढेच कलत होतं. तारेला धरून तो मटकन खाली बसला. मागून खेचरं आली.

"काय दाजू, सकाळीच घेतली वाटतं?" खेचरवाला खदखदून हसला.

बातमी त्याच्याआधी घरी पोचली. इंद्रकलानं जवळ येऊन तोंडाचा वास घेतला.

"प्यायलेलो नाहीये!" तो खेकसला.

"मग पडलात कसे? त्या पुलावरून डोळे मिटून जायचात की!"

रात्रभर तो कूस बदलत राहिला. उजाडताच त्यानं भार वाहायची टोपली काढली, ओढ्याचे नऊ गोटे भरले, नाम्लो कपाळावर घेतला. पुलावर एकही पाऊल चुकलं नाही. मात्र पलीकडे पोचेस्तोवर गुडघा ठणकायला लागला.

परतताना पुलावरच समोर इंद्रकला उभी.

"अहो, दगड कुठल्या बाजारात विकताय?"

"याच्याशिवाय चालता येत नाही मला." "पाय माझे राहिलेच नाहीत गं."

ती चेष्टा करेल असं त्याला वाटलं. तिनं टोपलीत हात घातला आणि दोन गोटे उचलून नदीत भिरकावले.

"आज सात. चार दिवसांनी सहा. मी मागून चालते. हळू चला."

"लोक हसतील."

"हसू देत. त्यांना काम काय दुसरं?"

दसैंच्या सणापर्यंत दोन गोटे उरले. त्या दोन्हींवर तो अडून बसला. इंद्रकलानं हात पुढे केला की टोपली छातीशी धरायचा.

"उद्या," म्हणायचा, आणि अंगणात फेऱ्या मारू लागायचा.