करपल्या भाकरीचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. भाजीवाले, भंगारवाले गाडीला बांधतात तसला. माझं तोंड पांढरं होतं, ते आता पिवळं पडलं आहे. मूठ मोडली, ती तारेने बांधली आहे. पण आवाज अजून खणखणीत आहे. तो आवाज माझा नाही, कौशल्याबाईंचा आहे. त्याचीच ही गोष्ट.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला आठवत नाही. आठवतं ते पिंपरीच्या बाजारातलं दुकान. चिमाजी आणि त्यांची बायको कौशल्याबाई मला घ्यायला आले होते. चाकणच्या कंपन्यांच्या बस चिखलीत जिथे थांबतात, तिथे त्यांची पिठलं-भाकरीची हातगाडी होती.

दुकानदार म्हणाला, "काका, एक ध्यानात ठेवा. याची बॅटरी काढू नका आणि पूर्ण उतरूही देऊ नका. उतरली की भरलेला आवाज पुसला जातो."

"पुसला तर परत बोलंल की ही," चिमाजी म्हणाले. "हिला बोलायचा कधी कंटाळा हाय?"

कौशल्याबाईंनी त्यांना कोपरखळी मारली. मी त्यांच्याच पिशवीतून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी गाडीवर माझ्यात आवाज भरला. कौशल्याबाईंनी पदर नीट केला, जणू फोटोच काढायचा आहे. तव्यापाशी चिमाजींना उभं केलं. मग बटण दाबून त्या बोलल्या, "गरम पिठलं-भाकरी घ्या! उपाशी शिफ्टला जाऊ नका रं!" चिमाजी भाकरी सोडून बायकोकडेच बघत राहिले. तव्यावर धूर झाला. "अवो, तव्याकडं बघा, भाकरी करपली! हसताय काय?" असं ओरडता ओरडता त्या स्वतःच खो-खो हसत सुटल्या. बटण दाबलेलंच होतं. सगळं माझ्या पोटात गेलं.

त्यांना तो आवाज पुसून चांगला भरायचा होता. पण पहिल्यांदा वाजलो तेव्हाच गिऱ्हाईक पोट धरून हसलं. नवनाथ नावाचा एक कामगार होता, बीडकडचा, चाकणला कंपनीत होता. तो म्हणाला, "मावशी, हेच ऱ्हाऊ द्या. आमच्या मायची आठवण येती."

मग रोज हाच आवाज. "हसताय काय?" असं मी विचारलं की रांगेतली पोरं एका सुरात म्हणायची, "मावशी, तुम्हीच हसताय!" मित्रांनो, माझ्याएवढं कौतुक कुठल्या भोंग्याचं झालं नसेल.

मग एका पावसाळ्यात कौशल्याबाईंना ताप आला आणि त्या गेल्या.

चाकणच्या पुढे डोंगरात चिमाजींची वाडी आहे. क्रियाकर्मासाठी ते तिथे गेले. सोबत मला नेलं. मला त्यांनी चुलीजवळच्या खुंटीला टांगलं. ते मला वाजवत नसत. फक्त रोज चार्जिंगला लावत आणि दिवा हिरवा झाला की माझ्यावरून हात फिरवत. पुढे वाऱ्याने विजेचा खांब पडला आणि वाडीत अंधार झाला. चिमाजी पुन्हापुन्हा माझ्या दिव्याकडे बघत. तो पिवळा झाला, मग लाल झाला. परत बोलायला आता कौशल्याबाई नव्हत्या.

त्या वाडीची एक रीत आहे. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी चुलीपाशी पीठ पसरतात, मधे पणती ठेवतात आणि वर टोपली झाकतात. गेलेलं माणूस कोणत्या रूपात येऊन गेलं, ते सकाळी पिठावरच्या खुणांवरून बघतात. त्या संध्याकाळी वाडीतली माणसं आली. भगत उद्धवरावांनी टोपली झाकली. बाहेर धुकं इतकं दाट होतं की अंगणातला फणस दिसत नव्हता. टोपलीच्या फटींतून उजेडाचे ठिपके भिंतीवर हलत होते. सगळे त्या ठिपक्यांकडे बघत बसले होते.

आणि मी बोललो.

"गरम पिठलं-भाकरी घ्या! उपाशी शिफ्टला जाऊ नका रं!"

मला कुणी हात लावला नव्हता. दमटपणाने माझं बटण चिकटलं असेल. मला नक्की ठाऊक नाही. आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता. बॅटरी उतरल्याने तो जड आणि संथ झाला होता, विहिरीतून आल्यासारखा. "अवो... तव्याकडं बघा..." आणि मग ते हसू. चिखलीत ज्या हसण्याने माणसं पोट धरायची, तेच इथे लांबत लांबत आलं आणि माणसांनी एकमेकांना धरलं. दारातलं कुत्रं केकाटत पळालं.

"बाई अडकलीया!" उद्धवराव ओरडले. "चिमाजी, ह्यात बसलीया ती! काढ ह्याची बॅटरी, म्या खिळा ठोकून दरीत टाकतो!"

चिमाजींनी मला खुंटीवरून ओढून छातीशी धरलं. "न्हाई द्यायचा. बॅटरी काढली तर आवाज जाईल तिचा."

"आवाज न्हाई त्यो, भूत हाय!"

"असू द्या. माझं हाय."

लोक दाराकडे सरकले. मी पुन्हा बोललो, आणखी जड आवाजात, "उपाशी... जाऊ नका... रं..."

तेवढ्यात बाहेरच्या धुक्यातून उत्तर आलं, "आलो मावशी! माझ्या दोन ठेवा, ठेचा जास्त!"

आता मात्र उद्धवरावच पहिले खाली बसले.

धुक्यातून नवनाथ आला. मागे हातगाडीवर रोज जेवणारी आणखी तिघं होती. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर ती दहाव्यासाठी निघाली होती आणि वाट चुकून डोंगरात भटकत होती. माझा आवाज ऐकून ती घरापर्यंत पोहोचली होती. सवयीने नवनाथच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं होतं. दारात आल्यावर त्याला कौशल्याबाई नाहीत हे आठवलं आणि तो रडू लागला. तो रडत असतानाच मी "हसताय काय?" म्हणालो, आणि पोरांच्या तोंडून सवयीने निघालं, "मावशी, तुम्हीच हसताय!"

शेजारच्या सोजराबाई पदराने डोळे पुसत उठल्या. "भूत म्हणं! जेवायला बोलवणारं भूत कुणी बघितलंय का? पोरं उपाशी आल्याती. सुतकाच्या घरात चूल पेटत न्हाई, म्हणून काय झालं? माझी पेटतीया. चला, पीठ मळा! आन् उद्धवराव, तुमी उठा आता, कांदा चिरा."

"मी भगत हाय, सोजरे."

"मग मंतर म्हणत चिरा."

त्या धुक्यात सोजराबाईंच्या अंगणात सगळी वाडी जेवली. नवनाथने फोन माझ्या तोंडाशी धरला. माझा दिवा लुकलुकत होता. मी शेवटचं सगळं बळ एकवटून बोललो आणि नवनाथने ते फोनमध्ये घेतलं. त्यात कौशल्याबाईंच्या हसण्यामागे वाडीचं हसणंही आलं. मग माझा दिवा विझला आणि माझ्या पोटातला आवाज पुसला गेला. चिमाजींनी तरी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

सकाळी टोपली उचलली. पिठावर ना पक्ष्याचा पाय होता, ना मुंगीची वाट. सोजराबाई म्हणतात, चार बोटं उमटली होती, भाकरी थापताना उमटतात तशी. उद्धवराव म्हणतात, उंदीर असेल. चिमाजींनी ते पीठ गोळा केलं, सोजराबाईंच्या चुलीवर भाकरी केली आणि घासभर सगळ्यांना वाटली.

आता मी पुन्हा चिखलीत गाडीवर आहे. नवनाथने फोनमधला आवाज माझ्यात परत भरून दिला. भाकरी चिमाजीच भाजतात. रोज एखादी करपतेच, कारण "अवो" ऐकू आलं की त्यांची मान अजून माझ्याकडे वळते. रांग हसते, चिमाजीही हसतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला फार काही लागत नाही. मला कोरड्या जागी ठेवा, वेळेवर चार्ज करा. आणि घरच्या माणसाचा आवाज भरून ठेवाल तेव्हा ओरडणं, हसणं, चुकणं काढून टाकू नका. माणूस तिथेच असतं. चला, बस आली. उपाशी शिफ्टला जाऊ नका.