तीन नंबरचं हँडल

बारा माणसं ओळीने उभी होती आणि मुकादम सोमनाथ एकेकाचा मास्क ओढून बघत होता. टाकीच्या पोटाचं गोल दार, म्हणजे मॅनहोल, उघडं होतं. हवा ओढणारे पंखे दोन दिवस घरघरत होते. भिकाजी त्याच टाकीला लावलेल्या तीन नंबरच्या मिक्सरपाशी उभा होता, आणि त्या दाराकडे बघायचं त्याला काही केल्या धाडस होत नव्हतं.

कच्च्या तेलाच्या टाकीत तळाला गाळ बसतो. काळा, चिकट, आणि पोटात गॅस धरून बसलेला. तो ढवळून पुन्हा तेलात मिसळावा म्हणून टाकीच्या अंगाला मिक्सर बसवतात. मोटर बाहेर, पाती आत. पात्यांचं तोंड एकाच दिशेला राहिलं तर तेवढीच वाट धुऊन निघते आणि बाजूला ढीग साचतो. म्हणून दर गुरुवारी बाहेरचं हँडल फिरवून ते तोंड थोडं वळवायचं, काटा कुठे आला ते वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. आखातातल्या फुजैराच्या या टाक्यांवर ती सही अठरा वर्षं भिकाजीची होती. मोटरला कान लावून कुठलं बेअरिंग जाणार हे सांगणारा माणूस तो. त्याची सही कोण तपासणार?

आणि तीन नंबरपुरती ती सही गेले आठ महिने खोटी होती.

आता यात चोरीमारी काही नव्हती हो. एक आणि दोन नंबरची हँडलं एका हाताने फिरायची. तीन नंबरचं पहिल्यापासून हट्टी, दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकल्याशिवाय हलायचं नाही. जानेवारीत भिकाजीचा उजवा खांदा धरला. त्या गुरुवारी नाही जमलं, तेव्हा म्हणाला, पुढच्या गुरुवारी दोनदा फिरवू. पुढच्या गुरुवारी खांदा आणखी आखडला. सांगितलं असतं तर मेडिकल, आणि मेडिकलमध्ये नापास म्हणजे खलास, विमानात बसा. सत्तावन्नाव्या वर्षी गुहागरला जाऊन करायचं काय? बायकोने, कावेरीने, वीस वर्षं एकटीने घर चालवलं होतं, तिच्या घरात तो पाहुणाच. इथे निदान मिक्सर बिघडला की लोक त्याचं नाव घेत होते. त्या लोभापायी तो सही करत राहिला.

गेले तीन आठवडे तिन्ही मिक्सर रात्रंदिवस चालवून गाळ विरघळवला, मग टाकी उपसली. छतावरच्या तीन भोकांतून माप घेतलं, कुठेही वीतभराहून जास्त गाळ नाही. ती भोकं नेमकी धुतलेल्या बाजूला येतात हे फक्त भिकाजीला माहीत होतं. उत्तरेला, छत पेलणाऱ्या खांबांच्या मागे, काय साचलं असेल याचा विचार त्याने रात्रभर केला होता. ही माणसं फावडी घेऊन त्या ढिगाला भिडणार. फावडं लागलं की आतला गॅस सुटणार, आणि तो झेलायला तोंडावर साधे मास्क.

तो आधी इंजिनीअरकडे गेला. धनंजय साहेब पुण्याचे, बायकोमुलं दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला, स्वतः आठवडाभर इथे. अजून एक दिवस पंखे चालू ठेवू या का, असं भिकाजीने विचारलं. साहेबांनी घड्याळ दाखवलं. गॅस टेस्टरची सही झाली आहे, रीडिंग झीरो, साडेबाराला उन्हाची सुट्टी. त्याआधी निदान एक राउंड व्हायला हवा. "तुम्हाला काही प्रॉब्लेम वाटतोय का भिकाजी? वाटत असेल तर सांगा."

भिकाजी म्हणाला, तसं काही नाही, आपलं विचारलं. पुढे कित्येक दिवस त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या उत्तराची.

मग तो सोमनाथपाशी गेला. सोमनाथ पाटणचा, तिशीचा, रानगव्यासारखा आडवा, आणि भिकाजीला काका म्हणणारा. पोरांना दक्षिणेच्या अंगाने ठेव, खांबांच्या मागे लगेच जाऊ नका, असं भिकाजीने त्याला हळूच सुचवलं. सोमनाथ हसला. म्हणाला, काका, तुमी मिक्सर फिरवलाय म्हंजे आतली फरशी पुसल्यासारखी असणार, कशाला भ्यायचं? आणि वळून पोरांना म्हणाला, "यल्ला, चला."

पहिल्या माणसाने वाकून एक पाय दारातून आत टाकला.

"थांबा!" भिकाजी ओरडला. "बाहेर काढा त्याला. आत ढीग आहे. मी तीन नंबर फिरवलेला नाही."

सगळे थांबले. त्या माणसाचा पाय तसाच आत. सोमनाथने त्याला खांद्याला धरून मागे ओढलं. धनंजय साहेब धावत आले आणि म्हणाले, वहीत तर सह्या आहेत.

"सह्या माझ्या आहेत. हँडल फिरलं नाही जानेवारीपासून."

उत्तरेला दुसरं मॅनहोल होतं. पाइपांच्या अडचणीमुळे ते शेवटी उघडायचं ठरलं होतं. धनंजय साहेबांनी बारा जणांना लांब पिटाळलं. सेफ्टीचे दोघे पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पुढे झाले आणि झाकणाचे बोल्ट सैल करू लागले. ढीग नसावा, असंही भिकाजीला वाटत होतं, आणि मग आपण उगाच तोंड उघडलं असं होईल, हेही वाटून गेलं. माणसाचं मन असं नालायक असतं.

झाकण चार बोटं सरकलं. फटीतून काळा गाळ छातीच्या उंचीवरून संथ बाहेर लोटला आणि गॅसचा मीटर किंचाळायला लागला. दोघांनी जीव खाऊन झाकण पुन्हा दाबलं, बोल्ट आवळले. दोघांतला एक जण खाली बसला.

आत उतरायचं परमिट फाडलं गेलं. ऑफिसच्या केबिनमध्ये धनंजय साहेबांनी रिपोर्ट पुढ्यात ओढला. त्या वहीवर दर महिन्याला त्यांचीही सही असायची. मग हळू आवाजात म्हणाले, "काटा बिघडला होता, असं लिहू शकतो आपण. चुकीचं रीडिंग दाखवत होता म्हणून."

भिकाजीच्या जिभेवर होकार आला होता. मग आत गेलेला तो एक पाय त्याला दिसला.

"काटा चांगला आहे साहेब. हात बिघडलाय माझा. तसंच लिहा."

साहेबांनी लिहिलं. पास जमा करायचा, कव्हरऑल आणि बूट परत करायचे, उद्या शारजाहून विमान मिळतं का ते ऑफिस बघेल, असं सांगताना त्यांनी मान वर केली नाही.

तो बाहेर आला तेव्हा सोमनाथ तीन नंबरपाशी उभा होता. तो रागावलेला होता, आणि का नसावा? ओळीतला तिसरा माणूस त्याचा सख्खा मेहुणा होता. त्याने हँडल धरलं, दात आवळले, एक हिसडा दिला. हँडल फिरलं. काटा आठ महिन्यांच्या जागेवरून सरकला.

"मला हाक मारायची व्हती की, काका," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "दर गुरुवारी आलो असतो."

खरंच, हे भिकाजीच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

साडेबारा वाजले. माणसं शेडमध्ये डबे उघडून बसली. कव्हरऑल उतरवायचा तर बाही मागून ओढावी लागते आणि भिकाजीचा हात मागे जात नव्हता. इतके महिने तो बाथरूमची कडी लावून, खिळ्याला बाही अडकवून, एकटाच कसाबसा त्यातून निघत असे. आज तो सगळ्यांच्या देखत शेडच्या मधोमध गेला, चेन खाली ओढली आणि सोमनाथकडे पाठ करून उभा राहिला.

सोमनाथने डबा बाजूला ठेवला, उठला आणि बाही धरली.

"सावकाश," भिकाजी म्हणाला. "दुखतोय."